उताराच्या प्लॉटवर घर : आधी पाण्याचा हिशेब, मग विटांचा

घोटी परिसरात सपाट जागा आता सहज मिळत नाही. भाताची खाचरे, भाताच्या गिरण्या, रेल्वे आणि मुंबई-आग्रा रस्ता यांनी सपाटीचा मोठा भाग पूर्वीच व्यापला आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि या भागातल्या जमिनीकडे बाहेरच्या लोकांचेही लक्ष वळले. त्यामुळे लहान व्यापाऱ्याच्या, कारागिराच्या ऐपतीत जो प्लॉट येतो तो बहुधा टेकडीच्या अंगाला, उताराचा असतो. दलाल सांगतो, दर कमी आहे, हवा चांगली आहे, समोर डोंगर दिसतो. हे सगळे खरे असते. पण आयुष्यभराची कमाई ज्या घरात घालायची, त्या घराचा सौदा एवढ्यावर करावा काय, हा प्रश्न आहे.

कापडाच्या धंद्यात नवा गिऱ्हाईक मीटरचा दर विचारतो आणि जाणता गिऱ्हाईक आधी पन्हा विचारतो. पन्हा लहान असेल तर स्वस्त कापडही अंगाला पुरत नाही आणि शेवटी महाग पडते. प्लॉटचा उतार हा त्याचा पन्हा आहे. चौरस फुटाचा दर त्याच्याशिवाय वाचूच नये. उताराच्या जमिनीवर चांगले, सोयीचे, नव्या पद्धतीचे घर होत नाही असे मुळीच नाही. किंबहुना दुकान, गोदाम आणि कुटुंब अशी तिहेरी गरज असलेल्या आपल्यासारख्या माणसाला असा प्लॉट सपाट प्लॉटपेक्षा सोयीचा ठरू शकतो. अट एवढीच की घर जमिनीच्या अंगाने बेतावे.

उतार आधी मोजावा

उतार डोळ्यांनी ठरवू नये. गवंड्याकडे पारदर्शक पाण्याची नळी असते. तिच्या दोन टोकांतले पाणी एका पातळीत राहते. रस्त्याकडच्या कडेला एक टोक आणि मागच्या हद्दीला दुसरे टोक धरले की जमीन किती फूट खाली गेली ते अर्ध्या तासात कळते.

समजा, प्लॉट ४० फूट रुंद आणि ६० फूट खोल आहे, आणि मागची हद्द रस्त्यापेक्षा ९ फूट खाली आहे. म्हणजे उतार साधारण १:७ झाला. आपल्या कसारा घाटातल्या रेल्वेचा चढ १:३७ आहे आणि तेवढ्यासाठीही गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागत आली आहेत. यावरून १:७ म्हणजे काय याची कल्पना यावी. ढोबळ मानाने १:२० पर्यंतचा उतार सपाटच समजावा. १:२० ते १:१० असेल तर जोते पायरीचे करून भागते. १:१० ते १:५ असेल तर घरच वेगवेगळ्या पातळ्यांवर बेतावे लागते. १:५ पेक्षा तीव्र उतार असेल तर तो प्लॉट सोडून द्यावा. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतही डोंगरउतारासाठी १:५ हीच मर्यादा धरलेली आहे. तेव्हा त्याहून तीव्र जमिनीवर पुढे मंजुरी मिळेल अशा भरवशावर विसार देऊ नये.

सपाट करण्याची हौस

आपल्याकडे प्लॉट घेतला की पहिले काम जेसीबी बोलावण्याचे होते. हिशेब करून पाहू. वरच्या ४० बाय ६० च्या प्लॉटची सगळी जमीन रस्त्याच्या पातळीला आणायची तर १०,८०० घनफूट, म्हणजे १०८ ब्रास भराव लागतो. दोन ब्रासच्या गाडीच्या ५४ खेपा झाल्या, आणि तो भराव अडवायला मागे ९ फूट उंच भिंत बांधावी लागते ती वेगळीच. वरचा अर्धा भाग खोदून ती माती खालच्या अर्ध्या भागात टाकली तर खोदकाम २७ ब्रासवर येते. आणि तोच प्लॉट वीस-वीस फुटांच्या तीन पायऱ्यांत पाडला, प्रत्येक पायरीत अर्धे खोदले, अर्धे भरले, तर खोदकाम अवघे ९ ब्रास होते. कुठेही तीन फुटांपेक्षा उंच बांध लागत नाही. जमीन तीच, घर तेवढेच, पण एकीकडे १०८ ब्रास आणि दुसरीकडे ९. हा फरक पाहून व्यापारी माणसाने तरी विचार करावा.

ही पायरीची विद्या आपल्याला परदेशातून आणावी लागत नाही. इगतपुरी तालुक्यातला भात पिकवणारा शेतकरी शेकडो वर्षे तेच करत आला आहे. तो टेकडीचा उतार एकदम सपाट करत नाही. उताराला आडवी, समपातळीवर खाचरे पाडतो, प्रत्येकाला बांध घालतो आणि जादा पाण्याला वाट ठेवतो. इंग्रज वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी आधी हिमालयात पिठोरागड भागात आणि नंतर केरळात कमी खर्चाची घरे बांधली. त्यांचाही आग्रह हाच की घराची लांब बाजू समपातळीच्या रेषेला समांतर ठेवावी, म्हणजे खोदाई, भराव आणि पाया तिन्ही कमी होतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. पायरी पाडली तरी घराचे खांब भरावावर उभे करू नयेत. भराव कितीही चांगला ठोकला तरी दोन-तीन पावसाळे बसत राहतो. आपल्याकडे वर लालसर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक असतो. प्रत्येक खांबाचा पाया भराव ओलांडून एकाच जातीच्या घट्ट थरापर्यंत गेला पाहिजे. अर्धे घर खडकावर आणि अर्धे भरावावर असेल तर मधोमध भिंत तडकते. ज्या भरावावर फक्त फरशी किंवा अंगण येणार, तोही सहा ते नऊ इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसाने ठोकून घ्यावा.

भिंत मातीने पडत नाही, पाण्याने पडते

इगतपुरी भागात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पूर्वेला सिन्नरकडे जावे तसा तो झपाट्याने उतरतो. म्हणून सिन्नर-नाशिकचा नकाशा घोटीत जसाच्या तसा चालत नाही.

उतारावरची माती अडवणारी जी भिंत, तिला इंजिनियर रिटेनिंग वॉल म्हणतात. दहा फूट, म्हणजे तीन मीटर उंच भिंतीवर कोरडी माती दर मीटर लांबीला अंदाजे पावणेतीन टन जोर लावते. त्याच भिंतीमागे वरपर्यंत पाणी साचले तर एकट्या पाण्याचा जोर दर मीटरला साडेचार टन होतो, आणि माती-पाणी मिळून जोर दुपटीच्या वर जातो. भिंत उन्हाळ्यात उभी राहते आणि तिसऱ्या पावसाळ्यात पोट काढते, याचे कारण हेच. या भागातल्या आमच्या ओळखीच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या घरामागे अशीच भिंत होती. जाडी भरपूर होती, सिमेंटही कमी नव्हते. पण पाण्याला वाट नव्हती. भिंत फुगली, मागचे अंगण खचले, आणि भिंत पाडून पुन्हा बांधावी लागली.

उपाय महाग नाही, फक्त बांधतानाच करावा लागतो. भिंतीच्या मागे लगेच माती भरू नये. आधी एक-दीड फूट रुंदीचा खडी-डबराचा थर वरपर्यंत आणावा. तळाशी भोके पाडलेला पाईप उतार देऊन टाकावा आणि त्याचे तोंड मोकळ्या गटारात सोडावे. भिंतीत चार-पाच फुटांवर तीन-चार इंची नळीची भोके बाहेरच्या बाजूला उतार देऊन ठेवावीत. भिंतीच्या डोक्यावर, वरच्या अंगाला, पक्की गटार करावी, म्हणजे टेकडीवरून येणारे पाणी भिंतीमागे मुरण्यापूर्वीच बाजूला वळेल. घाटातल्या जुन्या दगडी भिंतींना अशी भोके का ठेवलेली असतात ते आता लक्षात येईल. चार फुटांपर्यंत बांध दगडाचा, चुन्या-सिमेंटविना रचलेला असला तरी चालतो, कारण त्याच्या फटींतून पाणी आपोआप निसटते. त्यापेक्षा उंच भिंत असेल तर इंजिनियरचे गणित घेतल्याशिवाय गवंड्याच्या अंदाजाने बांधू नये.

आणखी एक. वळवलेले पाणी शेजाऱ्याच्या प्लॉटवर सोडू नये. खाली राहणाऱ्याचा हक्क असतो. आपले गटार सार्वजनिक गटाराला किंवा नैसर्गिक ओहोळाला मिळेपर्यंत आपली जबाबदारी संपत नाही.

दुकान वर, घर मध्ये, गोदाम कुठे?

रस्त्याच्या खाली उतरणारा प्लॉट असेल तर मांडणी सोपी आहे. वरच्या पायरीवर, रस्त्याच्या पातळीला, दुकान किंवा कारखान्याची खोली आणि पाहुण्यांची बैठक. अर्ध्या मजल्याने, म्हणजे सात-आठ पायऱ्या उतरून मधल्या पातळीवर घर. आणखी अर्धा मजला खाली तिसरी खोली, जिला मागच्या अंगणाचा उजेड मिळतो. गिऱ्हाईक वरून येतो, वरूनच जातो. घरातल्या स्त्रियांचा वावर खालच्या अंगणात मोकळेपणाने होतो. पडदे आणि उंच कंपाउंड यांवर होणारा खर्च जमिनीच्या उतारानेच वाचतो. प्लॉट रस्त्याच्या वर चढणारा असेल तर हीच मांडणी उलटी : दुकान खाली, घर वर आणि मागे.

खरा घोळ गोदामाचा होतो. बहुतेकांना वाटते की सगळ्यात खालची, मातीला टेकलेली खोली गोदामाला द्यावी, कारण राहायला ती अंधारी असते. किराण्याला, कापडाला, चामड्याला आणि लाकडाला ही खोली घातक आहे. सुताला हवेतली ओल ओढून घेण्याची सवयच असते. साधारण दमट हवेत कोरड्या सुताच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल त्यात असतेच. त्यात मालेगाव-भिवंडीच्या कोऱ्या कापडाला खळ असते आणि खळ हे बुरशीचे आवडते अन्न आहे. जुलैमध्ये भिंतीला टेकून ठेवलेला तागा गणपती-दिवाळीच्या हंगामात उघडला की त्यावर पिवळे-काळे डाग निघतात आणि कुबट वास येतो. असा माल पडत्या भावानेही जात नाही.

म्हणून मातीला टेकलेली भिंत आणि गोदामाची भिंत या एकच असू नयेत. दोहोंमध्ये अडीच-तीन फुटांची मोकळी गल्ली ठेवावी, तिच्या तळाला गटार असावी आणि वर छप्पर असावे. माती अडवण्याचे काम बाहेरच्या भिंतीने करावे, आतली भिंत कोरडी राहावी. गल्ली जमत नसेल तर मातीच्या बाजूला जिना, मोरी, न्हाणीघर घालावे आणि गोदाम मोकळ्या, उताराच्या बाजूला आणावे. माल जमिनीपासून सहा-नऊ इंच उंच लाकडी मांच्यावर, भिंतीपासून फूटभर दूर ठेवावा. ज्याला जागा असेल त्याने गोदाम रस्त्याच्या पातळीलाच करावे. माल चढवणे-उतरवणेही तिथेच सोपे. हमाल पाठीवर गाठ घेऊन ओल्या पायऱ्या उतरतो तेव्हा त्याच्या जिवालाही धोका असतो, हे मालकाने विसरू नये.

आखूड खांबांचा धोका

उतारावरच्या घरात वरच्या बाजूचे खांब आखूड आणि खालच्या बाजूचे लांब होतात. भूकंपात घर हलते तेव्हा लांब खांब लवतो, आखूड खांब लवत नाही. तो ताठ राहून जास्त ताण स्वतःवर घेतो आणि आधी तोच फुटतो. इंजिनियर मंडळी आखूड खांबाचा हा दोष विशेष जपून पाहतात. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाने आरसीसी इमारतीही कोसळतात हे दाखवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जड दगड-मातीच्या घरांनी हजारो माणसे गाडली. आपल्या भागात असा भूकंप येईलच असे कोणी म्हणत नाही, पण खांब एकदाच उभे राहतात. प्रत्येक पायरीच्या पातळीला खांब आडव्या बीमने दोन्ही दिशांना बांधून घ्यावेत, पाया पायरी-पायरीने उतरवावा, आणि आखूड खांबांतली सळई व कड्यांची जवळीक स्ट्रक्चरल इंजिनियरच्या नकाशाप्रमाणेच ठेवावी. घर उंच काठ्यांवर उभे करून खाली मोकळी पार्किंग सोडण्याची पद्धत उतारावर टाळलेली बरी.

छप्पर, पश्चिम आणि पाण्याची टाकी

घोटीचा पाऊस सरळ पडत नाही, पश्चिम-नैर्ऋत्येकडून झडीने येतो. जुन्या घरांना उतरते कौलारू छप्पर आणि पुढे आलेली वळचण होती, ती यासाठीच. नव्या घरात स्लॅब घातला तर दोन-चार वर्षांत त्यावर पत्र्याची शेड चढते, असे आजूबाजूला पाहिले की दिसेल. मग पहिल्यापासूनच उतरते छप्पर, भिंतीबाहेर तीन फूट वळचण, असा विचार का करू नये? स्लॅबच हवा असेल तर त्याला भरपूर उतार द्यावा आणि पाणी उतरवणारे पाईप कमीत कमी चार इंची घ्यावेत.

पश्चिमेच्या भिंतीला खिडक्या कमी आणि लहान ठेवाव्यात, किंवा त्या बाजूला पडवी, जिना, कपाटे घालावीत. हवा-उजेडासाठी पूर्व आणि उत्तर उघडी ठेवावी. आपल्या घरांना यात एक सोयही आहे. इथून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला येतो. नमाजच्या खोलीची समोरची भिंत सलग, बिनखिडकीची असली की झडही अडते आणि मनही विचलित होत नाही. संडासाच्या बैठकीची दिशा नकाशातच उत्तर-दक्षिण आखून घ्यावी, मागाहून फोडाफोड करावी लागत नाही.

तालुक्यात दारणा, भावली, मुकणे, वैतरणा अशी धरणे आहेत आणि तरीही उन्हाळ्यात अनेक वाड्या-पाड्यांवर पाण्यासाठी वणवण होते. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याने हे पाणी सोडू नये. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटरांवर पाणी मिळते. पहिल्या पावसाचे पाणी वाहून जाऊ द्यावे आणि नंतरचे गाळून झाकलेल्या टाकीत घ्यावे. आठ माणसांच्या घराला पिण्या-शिजवण्यासाठी माणशी २० लिटर धरले तर २० हजार लिटरांची टाकी १२५ दिवस पुरते, म्हणजे फेब्रुवारी ते पुढचा पाऊस. वरच्या छपराचे पाणी वरच्या पायरीवरच्या टाकीत घेतले तर खालच्या स्वयंपाकघरात ते विजेच्या पंपाशिवाय येते. फक्त अशी भरलेली टाकी वीस टनांची असते. ती घट्ट जमिनीवर ठेवावी, भिंतीच्या कडेला नव्हे.

म्हातारी माणसे आणि मैलापाणी

पातळ्यांचे घर तरुणांना आवडते. पण आई-वडिलांचे गुडघे वेगळे असतात. त्यांची खोली, न्हाणीघर आणि वुजूची जागा प्रवेशाच्या पातळीलाच, एकही पायरी न उतरता मिळाली पाहिजे. पायरीची उंची सहा इंच आणि रुंदी अकरा इंच, दोन्ही बाजूंना कठडा. मुख्य दरवाजा आणि त्यापुढची वाट साडेतीन फुटांपेक्षा कमी ठेवू नये. आजाऱ्याचे स्ट्रेचर आणि जनाजा दोन्ही वळवता आले पाहिजेत. ही गोष्ट नकाशा काढताना कोणी बोलत नाही, पण घरात ती वेळ येतेच.

मैल्याची टाकी खालच्या अंगाला घ्यावी. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून कमीत कमी ६० फूट दूर असावा, आणि ती विहीर शेजाऱ्याची असली तरी नियम तोच. शोषखड्डा रिटेनिंग वॉलच्या वरच्या अंगाला कधीही करू नये. आपणच भिंतीमागे पाणी भरल्यासारखे होते.

सौद्यापूर्वी

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण गाव डोंगर कोसळून गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाडचे तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. तिन्ही वेळा महिना जुलैचा होता आणि पाऊस मुसळधार होता. म्हणून आपल्या प्लॉटबरोबर त्याच्या वरची टेकडीही पाहावी. वर जमिनीला लांब आडव्या भेगा आहेत का, झाडे-खांब कलले आहेत का, पावसात नवे झरे फुटून गढूळ पाणी येते का, वर कोणी रस्त्यासाठी किंवा मुरमासाठी डोंगर कापला आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल तर तो प्लॉट फुकटातही महाग आहे. ओढ्याच्या वाटेवरचा प्लॉटही तसाच. ओढा आपली वाट विसरत नाही.

कागदांत बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन, रस्त्याचा हक्क आणि हद्दीची मोजणी पाहावी. मग सौद्याच्या किमतीत चार आकडे मिळवावेत : भिंती आणि गटारे, खोदाई-भराव, पायऱ्यांचा पाया आणि गाडी वर-खाली नेण्याचा रस्ता. ही बेरीज शेजारच्या सपाट प्लॉटच्या किमतीशी ताडून पाहावी. तरीही उताराचा प्लॉट स्वस्त पडत असेल तर बिनधास्त घ्यावा. बांधताना पैशांचा क्रमही ठरवावा. गटारे आणि भिंती पहिल्या उन्हाळ्यात, जून लागण्यापूर्वी. त्यांना एक पावसाळा खाऊ द्यावा, कुठे पाणी साचते ते पाहावे, आणि घराची जोती दुसऱ्या हंगामात उचलावीत. फरशी, रंग, झुंबरे यांना पुढे कितीही वर्षे आहेत.

प्लॉट दाखवणारे तो मे महिन्यात दाखवतात. तेव्हा जमीन कोरडी असते आणि डोंगर सुंदर दिसतो. तो जरूर पाहावा. पण विसार देण्यापूर्वी भर जुलैत, छत्री घेऊन, त्याच जागेवर तासभर उभे राहावे आणि पाणी कुठून येते, कुठे जाते ते बघावे. घराचा नकाशा इंजिनियरकडे नेण्याआधी हा पहिला नकाशा आपल्या डोळ्यांनी पाहिलेला असावा.